मस्तुरा आपा आणि कंपनीचा काटा

मस्तुरा आपा एखादी पिशवी नुसती उचलून आतल्या मालाचं वजन सांगायची, आणि वर 'पिशवीचे साठ ग्रॅम वेगळे' असंही ऐकवायची. यात जादूबिदू काही नव्हती. सामूहिक शेतीच्या काळापासून सव्वीस हंगाम ती गावच्या कापूस केंद्रावर मापाडी होती. बायका कमरेला झोळ्या बांधून दिवसभर कापूस वेचायच्या, संध्याकाळी गाठोडी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि काट्याशी आपा असायची. तिने पुकारलेल्या आकड्यावर त्यांच्या घरात किती पीठ येणार ते ठरायचं.

एका हंगामात मुकादम तिच्या कानाशी लागला. दर गाठोड्यामागे दोन किलो कमी पुकार, म्हणाला, ओलाव्याचे म्हणून. त्या शरद ऋतूत महिनाभर आभाळातून थेंब पडला नव्हता. आपा तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची, अंगापिंडाने चिपाड, पण अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओलावा गाठोड्यात नाही, मुकादम. तुमच्या कपाळावर आहे, तो पुसा." त्या हंगामात तिला काट्यावरून काढलं आणि झोळी बांधून शेतात धाडलं. पुढच्या वर्षी मात्र निमूटपणे परत बोलावलं, कारण नव्या मापाड्याच्या काट्यावर कुणाचाच विश्वास बसेना.

अशा बाईशी एका स्वस्त विमान कंपनीने वजनावरून वाकडं घेतलं. कंपनीचं नाव मी घेत नाही. नुसतं नाव घेतल्याचेही ती पैसे लावेल.

झालं असं, की आपाच्या धाकट्या लेकीला, मेहरंगेजला, लग्नाला चार वर्षं झाल्यावर मुलगी झाली. मेहरंगेज नवऱ्याबरोबर तिकडे परक्या थंड मुलखात, येकातेरिनबुर्गला असते. सासूही तिथेच. त्या सासूने चार वर्षं सुनेचं जिणं नकोसं केलं होतं. आधी 'कूस उजवत नाही' म्हणून, आणि कूस उजवली तर 'मुलगीच झाली' म्हणून. आता तिसरा विषय सापडला होता. पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या आईने आणायचा, हे आपल्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. चाळिसाव्या दिवशी बाळाला त्यात बांधायचं. तर सासूने दुकानातून प्लास्टिकचा पाळणा आणून ठेवला आणि सुनेला म्हणाली, "तुझ्या आईकडून काही येत नाही बघ. आलं नाही तर शनिवारी पोरीला यात टाकू." शनिवारी चाळिसावा दिवस होता. विमान आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. हा गुरुवार चुकला की सगळं चुकलं.

आपाने माळ्यावरचा गाहवोरा खाली काढला. तिच्या खापरपणजोबांनी इस्तरवशनच्या सुताराकडून करून घेतलेला तुतीच्या लाकडाचा पाळणा. लाल-हिरवा रंग उडालेला, पण सांधे अजून घट्ट. त्यात आपा झोपली होती, तिचे तीन भाऊ झोपले होते, मेहरंगेज झोपली होती. पाळण्यावरचा आडवा दांडा मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. आया त्या दांड्यावर काख टेकवून, वाकून, बांधलेल्या बाळाला पाजतात. पाच पिढ्यांच्या बायकांनी झिजवलेला दांडा होता तो.

बाजारातल्या तिकीटवालीने नियम सांगितले होते. "दहा किलो विमानाच्या पोटात, पाच किलो हातात. वर गेलं की किलोमागे पैसे."

"आणि बसायची जागा?" आपाने विचारलं.

"खिडकी हवी तर वेगळे. पुढची रांग हवी तर वेगळे."

"आणि मला काहीच नको असेल तर?"

"मग कंपनी देईल तिथे बसायचं."

"म्हणजे बसायला देणार आहेत. उपकार झाले."

कागद घरून छापून न्यायचा, विमानतळावर छापला तर त्याचेही पैसे. तो शाळेच्या मास्तरांकडून छापून घेतला. पाणी आत विकत, म्हणून रिकामी बाटली बरोबर घेतली. मग अंगणातल्या तुतीच्या फांदीला स्वतःचा जुना ताणकाटा टांगला आणि दोन दिवस आपा तोलत बसली. पाळणा साडेसहा किलो. त्याची गादी, उशी, बांधायचे रुंद पट्टे, वरचं पांघरूण मिळून दोन किलो तीनशे पन्नास. सुकवलेले जर्दाळू आठशे ग्रॅम. राहिले साडेतीनशे, तेवढ्या वजनाचं एक नान तिने मुद्दाम भाजलं आणि उशीच्या जागी ठेवलं. रिकामा पाळणा दाराबाहेर काढत नाहीत. नुसता हलवतसुद्धा नाहीत, मग विमानातून कोण नेईल? सगळं मिळून दहा किलो, ना ग्रॅम वर ना ग्रॅम खाली.

उरलेलं तिने अंगावर चढवलं. दोन झगे, त्यावर स्वतःचा कोट, त्यावर मेहरंगेजसाठी शिवलेला थंडीचा जाड कोट, आणि त्याच्या अस्तराला आतून शिवलेल्या चार खिशांत जर्दाळूच्या बिया आणि बदाम. जुलैचा शेवटचा आठवडा होता. गावातली कुत्रीसुद्धा पाटाच्या पाण्यात जाऊन बसत होती.

"आपा, तिकडे आत्ताच बर्फ पडलं की काय?" शेजारीण खळखळून हसत म्हणाली.

"बर्फ परवडलं," आपा म्हणाली, "कंपनी नको."

विमानतळावर खिडकीशी फरांगीस नावाची मुलगी होती. पंचविशीची, गळ्यात कंपनीचा केशरी रुमाल, डोळे दमलेले. रांगेत आपल्याच भागातली माणसं, बहुतेक कामाला चाललेली. आपाच्या मागे एक कोवळी बाई कडेवर पाच महिन्यांचा मुलगा घेऊन उभी होती. मूल असं रडत होतं, की रांगेतल्या प्रत्येकाने त्याला एकेकदा चुचकारून झालं होतं.

आपाने पाळणा काट्याच्या पट्ट्यावर ठेवला. आकडा आला दहा किलो चारशे.

"आपा, चारशे ग्रॅम जास्त आहेत," फरांगीस म्हणाली. "एका किलोचे पैसे पडतील."

"चारशेला किलोचे?"

"किलोच्या खाली हिशेब नसतो, आपा."

"पोरी, यात दहा किलो आहेत. वर तीळसुद्धा नाही."

"काटा दाखवतोय ना."

"मग काटा खोटं बोलतोय."

मागून कुणीतरी हसलं. आपाने पाळणा उचलून खाली ठेवला आणि पट्ट्याकडे बोट केलं. पट्टा रिकामा होता. आकडा होता शून्य दशांश चार.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक म्हातारबाबा ओरडले, "अरे, हे तर हवेचेही पैसे घेतात!" आणि रांगेत एकच गलका उडाला. ज्यांनी आधीच किलो-किलोचे पैसे भरले होते ते पावत्या नाचवत परत आले. एक जण म्हणाला, मी दर महिन्याला जातो, दर महिन्याला माझं किलोभर जास्त भरतं, मला वाटायचं बायकोच लपवून काहीतरी घालते. बिचारीला दर महिन्याला बोलणी खावी लागत होती.

गलका ऐकून शिफ्टचे साहेब आले. बहरुल्लो त्यांचं नाव, गावाकडची बोली अजून पुसली गेलेली नाही असा चाळिशीचा माणूस, गळ्यात टाय. त्यांनी बटण दाबलं, काटा शून्यावर आणला आणि पाळणा ठेवायला सांगितलं. बरोबर दहा किलो. विषय इथे संपायला हवा होता. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, की आपाची जीभ थांबली नाही.

"काटा असा ठेवतात होय रे? आमच्या कापूस केंद्रावर तुला मी झोळ्या झाडायलाही ठेवलं नसतं."

रांग हसली. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खणातून मोजपट्टी काढली आणि पाळण्याच्या दांड्याला लावली.

"एकशे चार सेंटिमीटर," ते म्हणाले. "मर्यादा नव्वद. जादा लांबीचं सामान, साडेतेराशे सोमोनी."

आपाच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर तिने सगळं तोललं होतं, लांबी कधी मोजली नव्हती. कापड घ्यायचं तरी ती हाताने चाचपून वजनावर घ्यायची. तिकीटवालीने सांगितलं नव्हतं आणि आपाने विचारलं नव्हतं. तिकीट बाराशेचं आणि पाळण्याचे साडेतेराशे, नाकापेक्षा मोती जड. तेवढे पैसे तिच्याजवळ नव्हते, आणि असते तरी तिने दिले नसते.

"साहेब, हा पाळणा आहे."

"मला दिसतंय."

"दिसतंय ना? मग तू कशात झोपून मोठा झालास? खोक्यात?"

"आपा, माझ्या हातात काही नाही. नियम आहे." साहेब आता शांत झाले होते, जिंकलेला माणूस होतो तसे. "वरचा दांडा दोन्हीकडून सात-सात सेंटिमीटर कापा, जाईल. ते सामान गुंडाळणारे आहेत ना, त्यांच्याकडे करवत असते."

मला राग येतो तो इथे. नियम परदेशात बसलेल्या कुणीतरी केला असेल. त्याने गाहवोरा कधी पाहिला नसेल, त्याला माफ. पण हा माणूस त्याच पट्ट्यांत बांधला गेला होता, याच्या आईने अशाच दांड्यावर काख टेकवून याला पाजलं होतं, आणि हा म्हणतो सात-सात सेंटिमीटर कापा! परक्याने लाथ मारली तर माणूस धूळ झटकून चालू लागतो. आपल्याच घरचा माणूस टाय बांधून लाथ मारतो तेव्हा तळपायाची आग मस्तकाला जाते.

आणि तरी आपाने करवत मागून घेतली. खिडकी बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. शनिवार डोळ्यांपुढे होता, तो प्लास्टिकचा पाळणा होता. दोन कोटांच्या आत ती घामाने निथळत होती. गुडघ्यावर बसून तिने दांड्याच्या टोकाला करवतीचं पातं लावलं, आणि तिचा हात पुढे सरकेना. तेवढ्यात फोन वाजला. मेहरंगेज होती.

"आई, घेतला ना पाळणा त्यांनी?"

आपाने हातातल्या करवतीकडे पाहिलं.

"आई? सासूबाईंनी त्यांचा पुसून ठेवलाय. चादरही घातली आहे त्यात. ऐकतेस ना?"

"ऐकतेय. घेतला म्हणून समज," आपा म्हणाली. फोन खिशात टाकला, करवत गुंडाळणाऱ्याच्या पायाशी आपटली आणि ताडकन उठून खिडकीशी आली.

"पोरी, तुझ्या कंपनीचे नियम लिहिलेले असतील ना? वाच. पहिल्यापासून वाच."

"आपा, सगळे?"

"मी मापाडी होते. सरकारने पाठवलेला प्रत्येक कागद मी शेवटपर्यंत वाचायची. मुकादमाला ते आवडायचं नाही. वाच."

फरांगीसने साहेबांकडे पाहिलं. साहेब फोनवर होते. ती वाचू लागली. सायकल, बर्फावर घसरायच्या पट्ट्या, वाद्यं, मासे धरायचे गळ, सगळ्यांचे पैसे. मग एके ठिकाणी तिचा आवाज जरा हळू झाला. "बाळाची गाडी किंवा पाळणा, एक नग, वजन आणि मापाची अट न लावता मोफत."

"थांब! काय म्हणालीस?"

"पुढे आहे, आपा. 'दोन वर्षांखालचं बाळ त्याच विमानाने प्रवास करत असल्यास.'"

"बाळ तिकडे आहे. पाळणा बाळाकडेच चाललाय."

"तिकडचं चालत नाही, आपा. इकडून पाहिजे."

आपाच्या मागे मूल अजून रडत होतं. आपा वळली. त्या कोवळ्या बाईकडे, तिच्या कडेवरच्या लालबुंद पोराकडे आणि तिच्या पायाशी असलेल्या एकुलत्या एक पिशवीकडे तिने पाहिलं.

"नाव काय तुझं, बाळा?"

"गुलरुख."

"याची गाडी कुठंय? पाळणा?"

"नाही, आपा." गुलरुखने मान खाली घातली. "आई नाही मला. कोण आणणार? घरी याला झोळीत टाकते."

आपाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तिचा कागद घेऊन खिडकीत सरकवला. "हिच्या बाळाचा एक नग मोफत आहे ना? हा घे तो नग."

साहेबांनी फोन ठेवला. "असं कसं? हा पाळणा हिचा कशावरून? मघापासून तुम्ही नातीचा म्हणताय. उद्या कुणीही कुणाच्याही नावावर काहीही पाठवेल."

"पाळणा कुणाचा असतो रे?" आपाने विचारलं. "त्यात जे बांधलेलं असतं त्याचा."

आणि तिने वरचा कोट काढून जमिनीवर अंथरला, त्यावर पाळणा मांडला, नान बाहेर काढून फरांगीसच्या हातात दिलं, गादी झटकली. गुलरुखकडून मूल घेतलं. रांगेतल्या बायकांना काही सांगावं लागलं नाही. त्या आपोआप गोल करून उभ्या राहिल्या. पुरुषांनी तोंडं फिरवली.

आपाने मुलाला उलटं धरलं, डोकं पायांकडे, आणि बाळाला पाळण्यात पहिल्यांदा बांधताना विचारतात तसं वर बघून विचारलं, "असं निजवू?"

"नाही, नाही!" बायका ओरडल्या.

तिने त्याला आडवं धरलं. "मग असं?"

"नाही, नाही!" यावेळी एक आवाज खिडकीच्या मागून आला होता. फरांगीस छातीशी नान धरून उभी होती. आपण ओरडलो हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"मग असं?"

"असंच! असंच निजव!"

आपाने बाळाचे हात सरळ केले, पट्टे ओढून बांधले, वर पांघरूण टाकलं आणि दांड्याला धरून पाळणा डोलवला. मूल दोनदा मुसमुसलं. मग त्या अख्ख्या सभागृहात पहाटेपासून पहिल्यांदाच शांतता झाली.

"हे बघा, आपा, या नाटकाने नियम काही..." साहेबांनी सुरुवात केली.

"श्श!" पंचवीस बायका एकदम म्हणाल्या.

"...बदलत नाहीत," साहेब कुजबुजले.

"हळू बोला हो, मूल निजलंय," म्हातारबाबा म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, कुजबुजत कुणी साडेतेराशे सोमोनी मागू शकतं का? साहेबांनी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि दरवेळी कुणीतरी ओठांवर बोट ठेवलं. शेवटी त्यांनी हाताने खूण केली. लावा चिठ्ठी, आणि न्या. फरांगीसने गुलरुखच्या नावाची चिठ्ठी दांड्याला बांधली. मुलाला झोपेतच अलगद सोडवलं, नान पुन्हा त्याच्या जागी ठेवलं, आणि पाच पिढ्यांचा पाळणा नियमात बसून, एक पैसा न देता पट्ट्यावरून आत गेला.

शनिवारी मेहरंगेजच्या लेकीला त्यात बांधलं. खोली एवढीशी, सहा बायका, त्यात गुलरुखही आली होती. सासूने सगळ्यांत मोठ्याने "नाही, नाही" म्हटलं, कारण तो मान तिचा होता. आपाने तिला तो दिला. प्लास्टिकच्या पाळण्यात त्या दिवशी कलिंगडं ठेवली. निघताना आपाने लेकीला बजावलं, पोर चालायला लागली की हा गुलरुखकडे जाईल, तिला पुढचं होईल तेव्हा. मेहरंगेज हो म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली, चार वर्षांचं सगळं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मीही गोड तोंडाने उठलो असतो.

महिन्याभराने, गुरुवारच्याच विमानाने आपा परतली. अंगावर एकच झगा, हातात रिकामी थैली. फरांगीससाठी तिने चॉकलेटचा डबा आणला होता. म्हणून ती जाणाऱ्यांच्या सभागृहात वळली. फरांगीस खिडकीत होती, पण डबा घेताना तिने नजर चुकवली.

"काय झालं, पोरी?"

"काही नाही, आपा. पाळणा पोचला ना?"

"पोचला. तुझं काय झालं ते सांग."

फरांगीस सांगायला तयार नव्हती. शेजारच्या खिडकीतल्या मुलीने सांगितलं. साहेबांनी वर कळवलं होतं. कंपनीने पाळण्याचे साडेतेराशे फरांगीसच्या पगारातून कापले होते.

म्हणजे कंपनीने पैसे घेतलेच होते. फक्त जिच्याकडून घ्यायचे तिच्याकडून न घेता, ज्या पोरीने तोंडातून एक "नाही" काढलं तिच्याकडून घेतले होते. आपाला मुकादम आठवला, त्याचा ओलावा आठवला. तेव्हाही कापायचे ते वेचणारीच्याच गाठोड्यातून.

"आपा, जाऊ दे," फरांगीस म्हणाली. "मी ओरडलेच होते ना. मलाही आईने असंच बांधलं होतं..."

"जाऊ दे? का जाऊ दे?" आपाचा आवाज चढला. "तुझे साहेब कुठायत? बोलाव."

साहेब येण्याआधी तिने रिकामी थैली बाजूला ठेवली. ती स्वतःच पट्ट्यावर चढून बसली. मांडी घालून, झगा सारखा करून. रांग थबकली. आकडा आला बहात्तर किलो चारशे.

"बहात्तर," आपा म्हणाली. "काल लेकीकडे तोललंय. बहात्तर, वर एक ग्रॅमही नाही."

ती उतरली. पट्टा रिकामा झाला. आकडा होता शून्य दशांश चार.

यावेळी कुणी हसलं नाही. महिन्यापूर्वी साहेबांनी सर्वांसमोर बटण दाबून काटा शून्यावर आणला होता. मग तो आपोआप पुन्हा तिथेच, त्याच चारशेवर कसा आला? एकदा चुकलेल्या काट्याला मापाडी चूक म्हणतो. पुन्हा त्याच जागी चुकणाऱ्या काट्याला आमच्या केंद्रावर वेगळा शब्द होता.

साहेब आले. आपाने त्यांच्याकडे पाठ केली. ती रांगेकडे वळली आणि कापूस केंद्रावरचा तो जुना, अख्ख्या शेताला ऐकू जाणारा आवाज तिने लावला.

"बायांनो, भावांनो, सामान ठेवायच्या आधी काटा बघा! रिकामा शून्य दाखवत नसेल तर ठेवू नका! ज्यांनी आधी भरलेत त्यांनी पावत्या घेऊन इथे या!"

"आपा, तुम्ही प्रवासी नाही आत्ता," साहेब म्हणाले. "तुम्हाला इथे उभं राहता येणार नाही."

"का? उभं राहण्याचेही पैसे आहेत?"

त्या दिवशी प्रत्येकाने थैली हातात धरून आधी रिकामा पट्टा पाहिला. प्रत्येकासाठी बटण दाबावं लागलं. कुणाकडूनही एकाही खोट्या किलोचे पैसे घेता आले नाहीत, आणि विमान दोन तास उशिरा सुटलं. पुढच्या गुरुवारीही तेच झालं. आपा तेव्हा गावात होती, अंगणात लोकांच्या थैल्या तोलून देत होती. आता लोकच एकमेकांना सांगत होते, आधी काटा बघ. तिसऱ्या गुरुवारीही तेच, आणि दर उशिराचा भुर्दंड आता कंपनीच्याच माथी.

महिना भरला तेव्हा फरांगीसचा फोन आला. साडेतेराशे पगारात परत आले होते. बरोबर एक कागद होता. तो तिने आपाला वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपाला आवडतं तसा. त्यात लिहिलं होतं, की चुकीने कपात झाली.

"चूक कुणाची, ते लिहिलंय का?" आपाने विचारलं.

"नाही, आपा."

"मग तो कागद टाकू नकोस. आणि काटा किती दाखवतोय?"

फरांगीस बघून आली. "शून्य, आपा."

"रोज बघ," आपा म्हणाली, आणि ताणकाट्याला पुढची थैली लावली.